लाल ओळ लपवू नका

डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलची कॉम्प्युटर लॅब मी सांभाळतो. १८ मशीन आहेत, सगळ्यांवर लिनक्स. मे महिन्याच्या सुट्टीत ती सगळी अपडेट केली आणि जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा पहिल्याच तासाला आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मशीन चालू होताना काहीतरी एरर येऊन जाते." शेजारी उभं राहून पाहिलं. लोगो दिसण्याआधी काळ्या पडद्यावर चार ओळी चमकून गेल्या. लॉग, म्हणजे मशीनच्या नोंदींची फाइल, उघडला तर तिथे त्या लाल अक्षरांत होत्या. यूबीसॅन, अ‍ॅरे-इंडेक्स-आऊट-ऑफ-बाउंड्स, पुढे एका फाइलीचं नाव आणि ओळीचा नंबर. त्याखाली, इंडेक्स १ हा [१] मापाच्या अ‍ॅरेच्या बाहेर आहे. फाइल होती वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरची, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची.

ज्यांच्याकडे मशीनची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, आहे त्यांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला. "सर, नेट चालतंय ना? मग ती नुसती वॉर्निंग आहे. बूटच्या ओळीत लॉगलेव्हल ३ टाकतो, परत दिसायची नाही." तासाभरात १८ मशीनवर ते टाकून त्यानं कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'एरर दुरुस्त, कॉल क्लोज'. मी सही केली.

ती सही करायला नको होती, असं मला त्याच संध्याकाळी वाटलं आणि आजही वाटतं. कर्नेलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, दिलेला हा इशारा नजरेआड करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. इशारा निरुपद्रवी निघाला तरी नव्हे. आणि जिथं सरकारी पैशानं कॉम्प्युटर घेतले जातात, तिथं लपवण्याला दुरुस्ती समजून बिल भरणं बंद झालं पाहिजे.

आधी इशारा नेमका काय सांगतो ते पाहू. अ‍ॅरे म्हणजे मेमरीत ओळीनं मांडलेले खण. १६ खण असतील तर त्यांचे नंबर ० ते १५. कोणी १६ नंबरचा खण मागितला तर तो त्या अ‍ॅरेचा नाहीच, शेजारच्या दुसऱ्या कुणाचा तरी आहे. कर्नेल ज्या सी भाषेत लिहिलाय, ती हे विचारत नाही. मागितलेला नंबर घेते, पत्ता काढते आणि तिथं जे असेल ते हातात देते, किंवा तिथं लिहायला सांगितलं तर लिहून मोकळी होते. साध्या प्रोग्रॅममध्ये असं झालं तर नुकसान बहुधा त्या प्रोग्रॅमपुरतंच राहतं. कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. सगळी मेमरी, सगळ्या फाइली, सगळी उपकरणं त्याच्या हाताखाली. तिथं चुकीच्या खणात लिहिलं गेलं तर त्याच्यावर नजर ठेवणारं वर कोणी नाही.

म्हणून २०१६ साली लिनक्सच्या ४.५ या आवृत्तीत यूबीसॅन नावाची तपासणी आली. कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, कोड तयार करतानाच मधेमधे छोट्या चौक्या बसवतो आणि इंडेक्स हद्दीबाहेर गेला की चौकी लॉगमध्ये ओरडते. ती नुसती ओरडते, अडवत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये इशारा छापून झाला की कर्नेल पुढे जातो आणि ते हद्दीबाहेरचं वाचन किंवा लेखन होतंच. शिवाय कोडमधली एक जागा मशीन बंद होईपर्यंत एकदाच बोलते. त्याच ओळीवर दिवसभरात दहा हजार वेळा चूक झाली तरी लॉगमध्ये नोंद एकच, ती सकाळची. "एकदाच तर आली होती" असं म्हणणाऱ्यानं हे लक्षात घ्यायला हवं.

आता त्या एएमसीच्या माणसाच्या बाजूनं बोलतो, कारण तो अर्धा बरोबर होता. आमच्या वायफायच्या बाबतीत मेमरी बहुधा कुठंच बिघडत नव्हती. ड्रायव्हरची ती फाइल मी रात्री घरी उघडून वाचली. तिथं माहितीची एक रचना होती: आधी 'किती' ते सांगणारा एक आकडा, आणि त्याच्यामागे डेटाचा अ‍ॅरे, त्याचं माप लिहिलेलं [१]. प्रत्यक्षात तिथं एकच बाइट कधीच नसतो, मागाहून लागेल तेवढी जागा घेतलेली असते. जुन्या सी भाषेत 'शेवटी कितीही लांबीचा अ‍ॅरे' असं लिहायची सोय नव्हती, म्हणून लोक [१] लिहीत, काही [०] लिहीत, आणि वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. १९९९ च्या प्रमाणात रिकामा कंस आला, [ ], म्हणजे 'लांबी इथं ठरलेली नाही' असं उघड सांगण्याची पद्धत. पण जुनी सवय कोडमध्ये राहिली. पंचवीस वर्षं उलटली तरी राहिली.

या सवयीनं केलेलं नुकसान जिथं ती होती तिथंच थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण [१] म्हणजे खरंच एक की कितीही, हे कंपायलरला बाहेरून कळेना. म्हणून त्यानं सावधपणे एक नियम धरला: रचनेच्या शेवटी कोणताही अ‍ॅरे असला, माप १ असो वा १६ असो, तो लवचिक समजायचा आणि त्याची हद्द तपासायची नाही. म्हणजे ज्यानं प्रामाणिकपणे १६ लिहिलं आणि ज्याला खरंच १६ म्हणायचं होतं, त्याचाही पहारा उठला. काही जणांनी खोटं माप लिहिलं आणि खरं माप लिहिणाऱ्या सगळ्यांचं संरक्षण गेलं. माझ्या लेखी ही सवय तेवढ्यासाठीच अक्षम्य आहे.

हे दुरुस्त करायला कर्नेलच्या लोकांनी वर्षानुवर्षं खर्ची घातली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या कर्नेल सेल्फ प्रोटेक्शन प्रोजेक्टमधून शेकडो ठिकाणचे खोटे [१] आणि [०] हुडकून रिकामे कंस घातले गेले. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. [१] चा [ ] केला की त्या रचनेचं माप एका घटकानं कमी होतं, आणि कुठंतरी दूर दुसऱ्या फाइलीत कोणी 'माप वजा एक' असा हिशेब केलेला असतो. तो शोधून बदलला नाही तर एक खोटी चूक काढताना खरी चूक घालून ठेवाल. म्हणून प्रत्येक बदल हातानं, वाचून, तपासून करावा लागला. इतकं झाल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.५ आवृत्तीत कंपायलरला ठणकावून सांगण्यात आलं की यापुढे लवचिक म्हणजे फक्त रिकामा कंस, बाकी जे माप लिहिलंय तेच खरं मानायचं. त्यानंतर जगभरातल्या मशीनवर या लाल ओळी एकदम दिसायला लागल्या. कोड काही त्या दिवशी बिघडला नव्हता. बाहेरून आणून बसवलेल्या, मुख्य कर्नेलमध्ये नसलेल्या ड्रायव्हरांचं जुनं खोटं माप त्या दिवशी उघडं पडलं. आमच्या लॅबमध्ये झालं ते हेच.

मग लपवलं तर बिघडलं काय?

माझं आजोळ चोडणला. मांडवीच्या पात्रातलं बेट, खाजनाची शेती, नदीच्या पाण्याखालच्या पातळीवरची. बांधानं नदी अडवलेली आणि बांधात मानस, लाकडी फळ्यांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटू लागलं की फळ्या आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोरानं उघडतात. कोणी उभं राहावं लागत नाही. कसलं पाणी कोणत्या बाजूनं यायचं याची हद्द ते दार स्वतः सांभाळतं. पण बांध मातीचा, आणि त्यात कुर्ल्या बिळं करतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी मामा हातात चिखलाची पाटी घेऊन बांधावरून चालायचे आणि दिसेल ते बीळ बुजवायचे. लहानपणी मी त्यांच्यामागून फिरायचो. एकदा म्हटलं, "मामा, ह्यातून तर पाणी येतच नाही, हे कशाला बुजवता?" ते वाकलेलेच होते, वर न बघता म्हणाले, "आरपार कुठलं गेलंय ते वरून दिसत नाही रे. आणि खारं पाणी एकदा आत आलं की दोन-तीन वर्षं भात विसर."

लॉगमधल्या ओळींचंही तसंच आहे. वरून सगळ्या सारख्या दिसतात. एकीत नुसतं माप खोटं लिहिलेलं असतं आणि मेमरी शाबूत असते. दुसरीत इंडेक्स खरोखरच बाहेरून आलेला असतो आणि तो कोणी तपासलेला नसतो. दोन्हींचे शब्द तेच, रंग तोच. लॉगलेव्हल ३ टाकणाऱ्यानं पहिली लपवली तेव्हा दुसरीही लपवली, आणि तिसरी, जी अजून यायची आहे, तीसुद्धा.

दुसऱ्या प्रकारचं उदाहरण देतो, कारण ते शाळेच्या लॅबला अगदी लागून आहे. जेएफएस ही जुनी फाइल सिस्टिम लिनक्समध्ये आहे. डिस्कवर फाइली कुठं ठेवल्या आहेत त्याच्या नोंदी डिस्कवरच असतात आणि कर्नेल त्या वाचून आपल्या अ‍ॅरेत शोध घेतो. मुद्दाम बिघडवलेल्या डिस्कप्रती कर्नेलला भरवून पाहणाऱ्या सिझबॉट या स्वयंचलित चाचणीला जेएफएसमध्ये अशा अनेक जागा सापडल्या, जिथं डिस्कवरचा आकडा जसाच्या तसा इंडेक्स म्हणून वापरला जात होता. त्या जागी हद्द तपासणाऱ्या ओळी घालून दुरुस्त्या झाल्या. डिस्क म्हणजे काय, तर मुलांनी घरून आणलेला पेनड्राइव्हही डिस्कच. कुठल्या सायबरमध्ये, कुठल्या मशीनला लागून आलेला, कोण सांगणार? बाहेरून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून कर्नेल खणात हात घालतो तेव्हा जी चौकी ओरडते, तिचाच आवाज आम्ही कागदावर सही करून बंद केला होता.

असा हिशेब चुकला तर काय होतं ते १९ जुलै २०२४ रोजी सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा विंडोज कर्नेलमध्ये चालणारा भाग २० माहितीखण पुरवत होता, आणि नव्यानं पाठवलेल्या फाइलीनं २१ वा मागितला. तिथं हद्दीची तपासणी नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. वीस आणि एकवीस. एवढाच फरक. नंतर कंपनीनं स्वतःच्या अहवालात कारण मोकळेपणानं मांडलं आणि ती तपासणी घातली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण तपासणी आधी असती तर ती फाइल नाकारली गेली असती, एक नोंद झाली असती आणि मशीन चालत राहिली असती.

इथं उलट बाजूचे लोक म्हणतात, मग इशाऱ्यावर थांबू नका, मशीनच बंद पाडा. तशी सोय लिनक्समध्ये आहे. पॅनिक-ऑन-वॉर्न चालू केलं की अशा इशाऱ्यावर कर्नेल जागच्या जागी थांबतो. ज्याच्याकडे एक सर्व्हर पडला तर दुसरा उभा राहतो, त्याच्यासाठी हा शहाणपणा आहे, चोराला आत येऊ देण्यापेक्षा दार बंद झालेलं बरं. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात एकच मशीन आहे आणि बाहेर रांग आहे, तिथं खोट्या मापाच्या एका ओळीसाठी ते बंद पाडणं हा अन्याय आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नेल मुद्दाम मारून टाकणाऱ्या कोडला कायम विरोध केला आहे, आणि कर्नेलचे नियमही सांगतात की इशारा द्या, सावरा, मशीन पाडू नका. मला ते पटतं. फक्त त्या धोरणाचा पाया असा आहे की इशारा कोणीतरी वाचतो. वाचणारा नसेल तर 'सावरून पुढे जा' याचा अर्थ 'कोणाला न कळू देता पुढे जा' एवढाच उरतो.

तपासण्यांनी मशीन मंद होतं, हा आक्षेपही नेहमी निघतो. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलेली हकीकत आहे. साठच्या दशकात त्यांच्या गटानं अल्गॉल भाषेचा कंपायलर केला, तो प्रत्येक इंडेक्स तपासायचा. पुढे गिऱ्हाइकांना विचारलं, वेगासाठी ही तपासणी बंद करायची सोय देऊ का? सगळ्यांनी नको म्हटलं, आम्हाला चुका किती होतात ते ठाऊक आहे. तेव्हाची मशीन आजच्या मनगटी घड्याळापेक्षा कितीतरी मंद होती. आणि आजचा आकडा हवा असेल तर, गुगलनं २०२४ मध्ये आपल्या सर्व्हरवरच्या सी प्लस प्लस कोडमध्ये अशा हद्दीच्या तपासण्या चालू केल्या, त्याचा वेगावर परिणाम सरासरी ०.३ टक्के निघाला. तो कर्नेल नव्हे, पण कोणता कोड किती मंदावेल याची भीती कितपत खरी आहे याचा अंदाज त्यातून येतो.

म्हणजे इशारा लपवण्यामागे तांत्रिक कारण उरत नाही. उरतं ते कागदाचं. एएमसीचा करार वाचून पाहा. त्यात 'कॉल किती वेळात क्लोज झाला' हे मोजतात. ओळ दिसेनाशी झाली की तक्रार करणारा उरत नाही, कॉल क्लोज होतो, बिल निघतं. त्या एएमसीच्या माणसाला मी दोष देत नाही. दिवसाला आठ-दहा जागी फिरायचं, कराराचं माप हेच, तर तो तेच करणार. तोच करार जर लॉगमधल्या कर्नेलच्या प्रत्येक नव्या इशाऱ्याचं कारण लेखी मागू लागला, तर तोच माणूस ओळ वाचायला शिकेल. आज त्याला ती वाचायचं कारणच दिलेलं नाही.

केंद्र सरकारनं २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. गोव्यात केअर्स योजनेखाली शाळांतून मुलं कोडिंग आणि रोबोटिक्स शिकतात. आपल्या छोट्या राज्याला हे चांगलं जमू शकतं असं मला मनापासून वाटतं. पण लिनक्स फुकट मिळतं म्हणून घ्यायचं आणि त्यात जो सर्वांत मोलाचा भाग, आत काय चाललंय ते उघड्यावर सांगण्याची सवय, तोच झाकून टाकायचा, हे मला सहन होत नाही. शाळांसाठी कॉम्प्युटर घेताना निविदेत एक अट सहज घालता येईल: ज्या उपकरणाचा ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्येच आहे, तेच उपकरण. मुख्य कर्नेलमधला ड्रायव्हर बिघडला तर जगातलं कोणीतरी तो दुरुस्त करतं आणि पुढच्या अपडेटबरोबर ती दुरुस्ती आपल्याकडे येते. बाहेरचा ड्रायव्हर ज्यानं बनवला त्याच्याच मर्जीवर.

हे मी अनुभवानं सांगतो. [१] काढून रिकामा कंस घालायचं मी स्वतः करून पाहिलं असतं, ओळ समोर होती. पण त्या ड्रायव्हरचा अर्धाच भाग वाचता येण्यासारखा आहे. उरलेला अर्धा बंद फाइलीत, आधीच कंपाइल झालेला, आणि त्यात जुनंच माप गृहीत धरलेलं. मी इथं एका बाइटनं माप कमी केलं आणि तिथं ते जुनंच राहिलं, तर दोन अर्ध्यांचा हिशेब एकमेकांशी जुळणार नाही. आता निरुपद्रवी असलेली ओळ मी माझ्या हातानं धोक्याची केली असती. म्हणून हात लावला नाही. बनवणाऱ्यांना ओळीच्या नंबरासकट लिहिलं, त्याचं उत्तर आलेलं नाही.

गणेश चतुर्थीच्या सुट्टीत मुख्याध्यापकांना सगळं समजावून सांगितलं. ते गणिताचे शिक्षक, त्यांना ० ते १५ लगेच समजलं. पालक-शिक्षक संघाच्या पैशातून केबल आणली, दोन शिक्षक आणि मी मिळून १८ मशीनना ती ओढली आणि तो वायफायचा ड्रायव्हर काढून टाकला. लॉगलेव्हलही पूर्ववत केला. एएमसीवाल्यांना पत्र दिलं की जूनमधला तो कॉल आमच्या दृष्टीनं क्लोज झालेला नाही. सुट्टी संपल्यावर त्या मुलीला लॉग कसा उघडायचा ते दाखवलं. आता शनिवारी शेवटच्या तासाला ती आणि तिची मैत्रीण सगळ्या मशीनवर लाल ओळ आहे का ते बघतात आणि एका वहीत मशीनचा नंबर, तारीख आणि फाइलीचं नाव लिहून ठेवतात. मागच्या शनिवारी ७ नंबरच्या मशीनवर एक नवी ओळ होती, या वेळी फाइल साउंड कार्डाची. ती मुख्य कर्नेलमधलीच आहे, आणि पुढच्या आवृत्तीत तिची दुरुस्ती आलेली मी पाहिली आहे. येत्या शनिवारी अपडेट करणार आहोत.